तिसरा प्लग

सिग्नल हिरवा झाला आणि गाडीने गचका दिला. लगेच दुसरा, आणि बंदच पडली. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा एकच कल्ला केला. नवऱ्याने चावी फिरवली, इंजिन थरथरलं, पुन्हा विझलं, तेव्हा त्याने स्टिअरिंगवर तळहाताने हलकेच थोपटलं आणि म्हणाला, "झालं हं, झालं. आता नाही हं काही होणार." गाडी चालू झाली. पुढचा सगळा रस्ता तो गाडीच्या तब्येतीबद्दल बोलत होता आणि ती शेजारी बसून समोर बघत होती. मांडीवर भाजीची पिशवी होती, तिचे बंद तिने इतके आवळून धरले होते की बोटांवर वळ उठले. आपल्याला काय झालंय ते तिला लगेच कळलं नाही. पोटातून काहीतरी वर आलं होतं एवढं खरं. घाईत कुणाचा तरी उष्टा पेला तोंडाला लावावा आणि काठाचा ओलावा ओठांना लागल्यावर ते ध्यानात यावं, तसं.

कारण ते शब्द तिचे होते. निदान तिची तशी समजूत होती. मुलगी नुकती शाळेत जायला लागली होती तेव्हा तिला पुन्हा दिवस गेले होते, आणि पाचव्या महिन्यात सगळं संपलं. हॉस्पिटलच्या खोलीत मधे हिरवा पडदा होता, आणि पडद्यापलीकडच्या बाईचं बाळ रात्रंदिवस रडत होतं. भेटायला आलेला प्रत्येक जण काही ना काही बोलत होता. सासूबाई म्हणाल्या, एक आहे ना, तिच्याकडे बघ. नणंद म्हणाली, बरं झालं, वेळीच कळलं. तिची स्वतःची आई नुसती नाक पुसत बसली होती. संध्याकाळी ऑफिसमधून नवरा आला, स्टुलावर बसला, बराच वेळ चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिला, आणि मग तिच्या कपाळावर तळहाताने हलकेच थोपटत म्हणाला, "झालं हं, झालं. आता नाही हं काही होणार." तो बोलणारा माणूस नव्हताच. म्हणून तर ते वाक्य तिने जपून ठेवलं. सासूबाईंवरून वाजलं, त्याच्या चिक्कूपणावरून वाजलं, वाढदिवस विसरल्यावरून, सुट्टीत कुठे न नेण्यावरून वाजलं, की भांडणाच्या शेवटी ती मनातल्या मनात त्या हिरव्या पडद्याशी जाऊन यायची आणि तिचा राग उतरायचा. इतकी वर्षं तिचा संसार त्या एका वाक्यावर तरला होता, म्हटलं तरी चालेल. आणि आता तेच वाक्य, त्याच हेलात, त्याच थोपटण्यासकट त्याने बंद पडलेल्या गाडीला दिलं होतं. अडकलं काही, की तो हे म्हणतो. मग ते काहीही असो.

किळस हा प्रकार तिला ठाऊक नव्हता, हीच त्यातली गंमत. ती एका मोठ्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ होती. लोकांच्या शरीरातून जे जे बाहेर पडतं ते सगळं बाटल्यांत, डब्यांत, काचपट्ट्यांवर तिच्यासमोर यायचं. नव्याने लागलेल्या मुली पहिले काही दिवस जेवायच्या नाहीत. ती शेजारच्या खोलीत डबा उघडून निवांत जेवायची. "बाईंच्या नाकाला सरकारी सुट्टी आहे," असं लॅबमध्ये म्हणत. आणि ती बाई सिग्नलनंतर चार दिवस नवऱ्यासमोर बसून चहा पिऊ शकत नव्हती. तो घोट घेताना आधी ओठ पुढे काढायचा. ते ओठ चहाला चाचपून बघायचे, मग चहा आत ओढला जायचा, मग घशात एक छोटासा समाधानाचा आवाज व्हायचा. साबणाच्या वडीवर छातीचा केस चिकटलेला असायचा, वेलांटीसारखा. पेपरचं पान उलटायला तो बोट जिभेला लावायचा, आणि ते पान मग तिच्याकडे यायचं. बाथरूममधून त्याचं खाकरणं यायचं. आधी तयारी, मग प्रयत्न, मग यश. यातलं काहीच नवं नव्हतं. तेच आवाज, तेच वास, तोच माणूस. इतकी वर्षं त्या सगळ्यावर त्या वाक्याचं पातळसं कव्हर होतं, ते निघालं होतं, आणि खाली हा असा चिकट, उघडा नवरा सापडला होता. माणूस वाईट नव्हता, हेच तर अवघड. वाईट असता तर राग आला असता, आणि रागाचं काय करायचं ते तिला माहीत होतं. किळसेचं काय करतात? ती रात्री पलंगाच्या अगदी काठाला झोपायची, आणि सकाळी आरशात स्वतःचं तोंड बघताना तिला तेही नकोसं वाटायचं. इतक्या क्षुद्र गोष्टीने विटणारी ही कोण बया, असं.

रविवारी सकाळी त्याने जाहीर केलं, "आज गाडीचे प्लग बदलायचे."

"गॅरेजला द्या ना," ती म्हणाली.

"गॅरेजवाले? एक काम सांगितलं की चार काढतात. आणि आपलं चांगलं सामान काढून कुणाचं तरी घालतात. मी बघितलाय व्हिडिओ. पोरंसोरं करतात घरी. तू फक्त टॉर्च धर."

तो बांधकामाच्या एका कंपनीत खरेदीचं बघायचा. जगातला प्रत्येक विकणारा आपल्याला फसवायलाच बसलाय, ही त्याची नोकरीही होती आणि श्रद्धाही. एसयूव्ही मात्र त्याने हौसेने घेतली होती, सात जण बसतील अशी. बसायचे दोघंच. मुलगी दुसऱ्या शहरात गेल्यापासून मागच्या दोन्ही रांगा नुसत्या हवा खात फिरायच्या.

इमारतीच्या तळघरातलं पार्किंग दिवसाही अंधारलेलं असायचं. गाडी रात्रभर उभी होती, कारण इंजिन गार हवं असं व्हिडिओत सांगितलं होतं. त्याने बनियन आणि जुनी पँट घातली, जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर पाने, रॅचेट, लांब दांडी आणि नव्या प्लगची खोकी मांडून ठेवली, आणि बॉनेट उघडून टेकू लावला. वाकल्यावर त्याच्या मानेवर दोन वळ्या पडल्या. वळ्यांच्या मधे घामाची एक रेघ साचून राहिली होती. तिने टॉर्च इंजिनावर धरला आणि नजरही तिथेच ठेवायची असं ठरवलं.

इतक्यात बुलेटिन आले. पहिल्या मजल्यावरच्या या निवृत्त गृहस्थांना सगळी इमारत पाठीमागे याच नावाने ओळखायची, कारण कुणाच्या घरी काय चाललंय याची ताजी खबर त्यांच्याकडे दिवसातून अनेकदा मिळे. "काय, ऑपरेशन?" त्यांनी विचारलं.

"प्लग बदलतोय. गाडी मिस मारतेय, गचके देतेय."

"वहिनी नर्स का?"

"नाही, ही भूल देणारी," नवरा म्हणाला आणि स्वतःच हसला. हसताना त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात पांढरं काहीतरी जमलेलं तिला दिसलं. तिने टॉर्च दुसऱ्या हातात घेतला. बुलेटिन थोडा वेळ उभे राहिले, जमिनीवर तेल सांडू नका म्हणाले, आणि ही बातमी पुढे पोचवायला निघून गेले.

इंजिनावरचं प्लास्टिकचं झाकण त्याने दोन्ही हातांनी खेचून काढलं तेव्हा आधी वास आला. जळकट, गोडसर. झाकणाच्या आतला काळा स्पंज कुरतडलेला होता, आणि त्याच्या चिंध्यांची, कसल्याशा दोऱ्यांची, कागदाच्या कपट्यांची एक वाटीएवढी गादी इंजिनाच्या खोबणीत जमवलेली होती. गादीवर उंदराचं एक पिल्लू होतं. वाळलेलं. करड्या कातड्याला अजून नीट केसही आले नव्हते. डोळे मिटलेले. पुढचे पाय हनुवटीखाली घेतलेले.

"अरेरे," नवरा म्हणाला. त्याने ते चिमटीत उचललं, तळहातावर घेतलं, वर्तमानपत्राचा एक तुकडा फाडून त्यात ठेवलं आणि कागदाच्या कडा एकेक करून आत मुडपल्या. "कुठे येऊन पडलास रे बाबा? झालं हं. झालं. आता नाही हं काही होणार." वरून एक हलकीशी थाप.

तिच्या तोंडात पाणी सुटलं, उलटीच्या आधी सुटतं तसं पातळ आणि खारट. हॉस्पिटलमध्ये पाचव्या महिन्यातलं ते एका ट्रेमध्ये झाकून नेलं होतं. कुठे नेलं, काय केलं, तिने विचारलं नव्हतं. लॅबमध्ये काम करणारीला विचारायची गरज नव्हती. त्या ट्रेवरचा कपडा पांढरा होता की निळा, हे तिने आजवर एकदाही आठवायचा प्रयत्न केला नव्हता. आता तो आपोआप आठवला. निळा होता. "नीट धर गं टॉर्च," नवरा म्हणाला, "भिंतीला काय दाखवतेस?" पुडी त्याने खांबाशी ठेवली आणि हात पँटला पुसून कामाला लागला. किती सहज पुसले हात त्याने. ती स्वतः दिवसभर याहून वाईट हाताळते, हे तिला कळत होतं. पण तिथे हातमोजे असतात, आणि मुख्य म्हणजे तिथे कुणी लाडिक आवाज काढत नाही.

पहिल्या प्लगवरच्या, त्याला वीज पुरवणाऱ्या कॉइलची वायर त्याने काढली, बोल्ट सोडवला, कॉइल हलकेच पिळत उपसून काढली. आतल्या खोल भोकात तोंडाने फुंकर मारली, धूळ त्याच्याच तोंडावर उडाली, तो थुंकला. लांब दांडीला प्लगपाना लावून आत सोडला आणि रॅचेटने फिरवायला लागला. कट् कट् कट् असा सुटता आवाज. बाहेर आलेला प्लग त्याने तिच्या डोळ्यांसमोर धरला: वरची चिनीमाती पांढरी, टोकाला तपकिरी राख. "हा बरा आहे," तो खुशीत म्हणाला. नवा प्लग आधी नुसत्या बोटांनी, पाना न लावता, आटे पकडेपर्यंत फिरवत नेला. मग रॅचेटने थोडाच पिळला. काम तो जपून करत होता, वाकडं काही दिसत नव्हतं. दुसऱ्याचं टोक काळंभोर निघालं, त्याने ते नाकाशी नेऊन हुंगलं, अंगठ्याच्या नखाने खरवडलं, आणि नखातली काजळी बघत म्हणाला, "वास घेऊन बघ. कच्चं पेट्रोल आहे." त्याने प्लग तिच्या नाकाशी आणला. तिला प्लगचा वास आला नाही. त्याच्या बोटांचा आला: घाम, तेल, तंबाखू नसतानाही तंबाखूसारखं काहीतरी, आणि त्या वाळक्या पिल्लाचा, निदान तिला तसं वाटलं. "आला," ती म्हणाली, श्वास रोखून.

तिसऱ्याची कॉइल निघता निघेना. निघाली तेव्हा तिच्या रबरी नळीवरून काळं, चिकट तेल ओघळलं. भोकात तळाशी तेल साचलं होतं. टॉर्चचा उजेड त्यात पडून एक डोळा उघडल्यासारखा चमकला. नवऱ्याने चिंधी दांडीला गुंडाळून आत घातली, फिरवली, बाहेर काढली, पुन्हा घातली. चुळुक चुळुक आवाज येत होता. तेल टिपून झाल्यावर पाना लावला, पण प्लग हलेना. त्याने दात आवळले, मानेची शीर फुगली, घशातून एक लांब, दबका, कण्हता आवाज निघाला. तो आवाज तिच्या ओळखीचा होता, पलंगावरचा, आणि तो इथे, तळघरात, खांबापाशी ऐकताना तिला कानांवर हात ठेवावेसे वाटले. तेवढ्यात पाना सटकला. त्याची मूठ शेजारच्या पत्र्याच्या कडेवर आपटली आणि बोटाचं सालपट निघालं. काळ्या तेलातून लाल रक्त फुटून खाली वाहायला लागलं.

"आई गं!" तो कळवळला आणि पोरासारखा हात तिच्यापुढे करून म्हणाला, "बघ गं. लागलं."

ती मागे सरली.

एक पाऊलच. पण टॉर्च तिच्या हातात होता, आणि मागे सरताना उजेड वर उचलला गेला होता, तिच्याच चेहऱ्यावरून फिरून मग छताला गेला होता. त्याने बघितलं. हात तसाच पुढे धरून तो तिच्याकडे बघत राहिला. खरेदीखात्यातला माणूस, समोरच्याच्या चेहऱ्यावर काय आहे ते वाचण्यातच त्याची हयात गेली होती.

"काय झालं?"

"काही नाही. आणा, बघते."

"मागे का सरलीस?"

रक्त बघून दचकले म्हणावं, तर हसं झालं असतं. रोज सकाळी लोकांचं रक्त काढणारी ती.

"हात काळे आहेत म्हणून?" त्याने विचारलं. तो तिला वाट काढून देत होता, हे तिला कळलं. त्याचा तोच स्वभाव. कुणाला फार कोंडीत पकडायचं नाही. हो म्हटलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं.

"नाही," ती म्हणाली.

"मग माझीच किळस आली."

तिने मान हलवली. नाही अशी नाही, हो अशी. एवढीशी हालचाल.

तो खाली बघायला लागला. रक्ताचा थेंब वर्तमानपत्रावर पडला, मग दुसरा. "कशामुळे?" त्याने अगदी साध्या आवाजात विचारलं, एखाद्या मालात खोट निघाली की विचारतात तसं.

"तुम्ही तसं बोलत जाऊ नका."

"कसं?"

तिला ते शब्द उच्चारायचे नव्हते. पण दुसरा इलाज नव्हता. "झालं हं, झालं, असं. परवा गाडीला म्हणालात. आता त्या पिल्लाला म्हणालात. मला म्हणाला होतात तुम्ही ते. हॉस्पिटलमध्ये. मला वाटलं होतं..." काय वाटलं होतं, ते सांगताना आता इतकं पोरकट वाटत होतं की तिने वाक्य सोडून दिलं.

त्याने कागदावरची एक कोरडी चिंधी उचलली. आठवत नाही म्हणेल, असं तिला वाटलं. तसं म्हणावं, अशीही एक दुष्ट इच्छा मनात येऊन गेली. पण तो म्हणाला, "आठवतंय. तू भिंतीकडे तोंड करून होतीस." मग चिंधी बोटाला गुंडाळत, तिच्याकडे न बघता म्हणाला, "मला दुसरं येत नाही गं काही. बाबा म्हणायचे तसं."

"कुणाला?"

"मला. मारून झालं की." त्याने चिंधीची गाठ दातांनी ओढली. "पट्टा खुंटीला अडकवायचे, मग डोक्यावर थोपटायचे आणि म्हणायचे. झालं हं, झालं, आता नाही हं काही होणार. म्हणजे आजच्यापुरतं झालं. तेवढं एकच चांगलं बोलायचे ते माझ्याशी."

सासऱ्यांना तिने पाहिलं नव्हतं. दिवाणखान्यात त्यांचा फोटो होता. जाड ओठ, नीट पाडलेला भांग. लग्न झाल्यापासून ती तो फोटो पुसत आली होती. आता ते जाड ओठ हलताना तिला दिसले, त्यांतून ते शब्द निघताना दिसले, एका रडून थकलेल्या पोराच्या टाळूवर, आणि तिथून हे शब्द त्या तोंडातून या तोंडात, या तोंडातून तिच्या कपाळावर आले होते, हिरव्या पडद्याआडच्या पलंगावर, आणि तिने ते उराशी धरून इतकी वर्षं काढली होती. पट्टा खुंटीला अडकवल्यानंतरचे शब्द. तिला वाटलं होतं, असं काही ऐकलं की दया येते आणि दयेने बाकीचं धुऊन निघतं. दया आली. पण तीही कोमट, चिकट होती, आणि किळस तिच्याखाली जागच्या जागी होती. फक्त आता ती एकट्या त्याची नव्हती, कशाकशाची होती ते मोजता येत नव्हतं.

"कधी सांगितलं नाहीत," ती म्हणाली.

"त्यात काय सांगायचं."

त्याने पुन्हा पाना लावला. यावेळी हिसका दिला नाही. थोडं फिरवलं, थांबला, थोडं मागे घेतलं, पुन्हा फिरवलं. कुरकुरत, कसाबसा तिसरा प्लग सुटला. बाहेर आला तो चिनीमातीला चीर पडलेला आणि टोकापर्यंत तेलात बुडालेला. त्याने तो तिला दाखवला नाही, हुंगलाही नाही. कागदावर ठेवला. नवा बोटांनी लावला, त्याच्या बोटातलं रक्त चिंधीतून पाझरून आट्यांवर लागत होतं. चौथाही झाला. वायरी खटखट बसल्या. ती टॉर्च धरून उभी होती. उजेड जिथे हवा तिथे, जराही न हलता. मग त्याने आत बसून चावी फिरवली, आणि इंजिन एका झटक्यात लागलं आणि एकसारखं, मऊ घुमत राहिलं.

जिन्याच्या दाराशी बुलेटिन हजर होते. "वा! घड्याळासारखं चालतंय की हो!" ते म्हणाले. "वहिनी, नशीबवान आहात. आमच्या घरी बल्ब बदलायलासुद्धा माणूस बोलवावा लागतो."

"हो ना," ती म्हणाली.

लिफ्टमध्ये तो दाराकडे तोंड करून उभा राहिला. त्याला तिच्याकडे पाठ करायची होती की आपलं अंग तिच्यापासून लांब ठेवायचं होतं, कोण जाणे. पण लिफ्ट लहान होती आणि तेलाच्या वासाने भरून गेली होती. घरात आल्यावर तो सरळ मोरीशी गेला आणि एका हाताने नळ सोडायची धडपड करायला लागला. ती दारात उभी राहिली. तिला तिथून निघून जाता आलं असतं. गॅलरीत जाऊन वाळत घातलेले कपडे काढता आले असते. ती पुढे झाली, नळ सोडला, त्याचं मनगट धरलं आणि चिंधीची गाठ सोडवायला लागली. चिंधी जखमेला चिकटली होती. हातमोजे घातले नव्हते तिने. त्याच्या हाताची ऊब, खरबरीत केस, तेलाचा निसरडा थर, सगळं थेट तिच्या कातडीला लागत होतं.

"अजून किळस येतेय?" त्याने विचारलं.

"हो."

"मग राहू दे ना. मी धुतो माझं मी." त्याने हात मागे घ्यायला सुरुवात केली.

"हात हलवू नका," ती म्हणाली. लॅबच्या खुर्चीत येऊन बसणाऱ्या प्रत्येकाला, सुईआधी, ती याच आवाजात हे म्हणत असे. तिच्याकडेही दुसरा आवाज नव्हता. तो थांबला. तिने साबण घेतला आणि बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून, सालपटाच्या कडेकडेने घासायला लागली. त्याला झोंबत असणार, पण तो हूं की चूं करत नव्हता. तिने श्वास तोंडाने घ्यायला सुरुवात केली होती. काळं पाणी मोरीत उतरत होतं, मधेच लाल होत होतं, पुन्हा काळं. तिने त्याचं मनगट आणखी घट्ट धरलं आणि पुन्हा साबण लावला.